गाडी चांगली, तरी धंदा का बुडतो?

माल उत्तम असला की तो कुठेही खपतो, असे आपल्या बाजारात सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल तर मोटारगाड्यांच्या धंद्याकडे पाहावे. युरोपातल्या नामांकित कंपन्यांच्या काही गाड्या स्वतःच्या मुलखात लाखोंनी विकल्या गेल्या, पण अमेरिकेच्या बाजारात त्यांना पाय रोवता आले नाहीत. पुढे आपल्या महाराष्ट्रातच तयार होऊ लागलेल्या अशा काही गाड्यांच्या वाट्याला येथेही तेच आले.

खामगावच्या वाचकाला याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपले गाव मुंबई-नागपूर-कोलकाता या जुन्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. या रस्त्याच्या आधाराने गॅरेज, सुट्या भागांची दुकाने, डेंटिंग-पेंटिंग, बॅटरी, टायर आणि सीट कव्हरची कामे उभी राहिली आणि त्यांत आपल्या समाजातील कारागिरांचा वाटा मोठा आहे. एखादी नवी कंपनी बाजारात उतरली की कोणी तिची एजन्सी घेतो, कोणी तिचे सुटे भाग भरून ठेवतो, तर कोणी तिची सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळते म्हणून विकत घेतो. कंपनी निघून गेली की पैसे अडकतात ते या माणसांचे. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

अमेरिकेत काय घडले

इटलीची फियाट कंपनी अमेरिकेत अनेक वर्षे गाड्या विकत होती. तिच्या गाड्या लहान, चपळ आणि पेट्रोल कमी पिणाऱ्या होत्या. पण अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठाने या गाड्यांचा पत्रा लवकर गंजू लागला. बिघाडाच्या तक्रारी वाढल्या, दुरुस्तीची सोय अपुरी पडली आणि फियाटच्या नावावर लोक विनोद करू लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कंपनीने तेथून काढता पाय घेतला. ती परत गेली तेव्हा २०११ साल उजाडले होते, आणि तेही क्रायस्लर या अमेरिकन कंपनीचा हात धरून.

फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिने १९७९ मध्ये अमेरिकन मोटर्स या स्थानिक कंपनीशी करार केला आणि नंतर तिच्यात भांडवलही घातले. त्यामुळे तयार कारखाना मिळाला आणि तयार विक्रेतेही मिळाले. विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे बनलेल्या तिच्या अलायन्स गाडीला १९८३ सालासाठी तेथील एका प्रसिद्ध मोटार मासिकाने वर्षातील उत्तम गाडीचा मान दिला. सुरुवातीला गाडी चांगली खपली. पण गाडी जुनी होऊ लागली तशा तक्रारी बाहेर आल्या, पेट्रोल स्वस्त झाल्यामुळे लोक पुन्हा मोठ्या गाड्यांकडे वळले, आणि १९८७ मध्ये रेनॉने आपला हिस्सा क्रायस्लरला विकून टाकला. दुसरी फ्रेंच कंपनी प्यूजो हिनेही १९९१ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबवली.

या गाड्या मुळातच वाईट होत्या काय? तसे म्हणता येत नाही. याच कंपन्यांच्या गाड्या युरोपात आणि आफ्रिकेतही लोकांनी वर्षानुवर्षे वापरल्या. फरक होता तो बाजाराचा. अमेरिकेत एका दमात शेकडो किलोमीटर गाडी पळवायची सवय आहे. तेथील ग्राहकाला ऑटोमॅटिक गिअर हवा, वातानुकूलन हवे, आणि देखभालीकडे फारसे लक्ष न देता गाडी चालत राहावी अशी त्याची अपेक्षा असते. युरोपातील गाडी वेळच्या वेळी तेल बदलणाऱ्या, कान लावून इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या माणसासाठी बनलेली असे. शिवाय विक्रेते विरळ. गाडी वाटेत बंद पडली तर दुरुस्त करणारा शेकडो मैलांवर, आणि सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा.

याच अमेरिकेत जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची बीटल ही गाडी मात्र तुफान चालली. १९४९ साली तेथे तिचे अवघे दोन नग विकले गेले होते. १९६८ साली हाच आकडा चार लाखांच्या पुढे गेला. बीटल काही फार वेगवान किंवा ऐसपैस गाडी नव्हती. पण सुट्या भागांचा साठा आणि शिकवून तयार केलेले मिस्त्री असल्याशिवाय विक्री वाढवायची नाही, असे धोरण कंपनीने ठेवले. म्हणजे शोरूम उभारण्याआधी गॅरेजचा विचार झाला.

जपानच्या टोयोटाचे उदाहरणही बोलके आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिने आपली क्राउन गाडी अमेरिकेत नेली. जपानी रस्त्यांवर मजबूत ठरलेली ही गाडी अमेरिकन महामार्गाच्या वेगाला टिकेना, तिचे इंजिन तापू लागले. कंपनीने ती विक्री आवरती घेतली, पण दुकान मोडले नाही. तेथील रस्ता आणि ग्राहक कसा आहे याचा अभ्यास करून १९६५ मध्ये कोरोना ही जास्त ताकदीची गाडी आणली आणि तिने बाजार पकडला.

आपल्याकडचा अनुभव

आता घराकडे वळू. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कारखान्यात फियाटच्या रचनेची गाडी १९५० च्या दशकापासून तयार होत होती. १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि २००० साली तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती त्यानंतरही धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हीसुद्धा युरोपातलीच गाडी होती, मग ती इतकी कशी टिकली? एक कारण असे की त्या काळी ग्राहकाला निवड फारशी नव्हती. दुसरे कारण आपल्या धंद्याशी संबंधित आहे. मुंबईपासून विदर्भातल्या तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक उस्तादाला ही गाडी तोंडपाठ झाली होती. शागिर्द तिच्यावरच हात बसवून मिस्त्री होत. भाग मूळ कंपनीचा मिळाला नाही तर स्थानिक बनावटीचा मिळे, तोही नसला तर लेथवर बनवून घेता येई.

१९९१ नंतर बाजार खुला झाला आणि नव्या परदेशी गाड्या आल्या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला ३०९ ही गाडी बनवायला घेतली. गाजावाजा मोठा झाला, आगाऊ नोंदणीही जोरात झाली. पण ही गाडी युरोपात १९८५ साली आलेली आणि १९९३ मध्ये तिथे बंद झालेली होती. इकडे कामगारांचे तंटे, भागीदारांतील बेबनाव आणि उशिराने मिळणाऱ्या गाड्या यांनी ग्राहकाचा धीर सुटला. १९९७ मध्ये प्यूजोने हात काढून घेतला. ज्यांनी गाडी घेतली होती त्यांच्यापुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला.

फियाटच्या युनोची गत फारशी वेगळी झाली नाही. १९९६ मध्ये ही गाडी कुर्ल्यातून आली तेव्हा नोंदणी जवळपास तीन लाखांवर गेली. एवढी मागणी क्वचितच कोणाच्या नशिबी येते. पण त्याच सुमारास कारखान्यात संप झाला, गाड्या वेळेवर मिळेनात, आणि रांगेतला ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला. पुढे २००१ मध्ये पालियो आली. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करत होता. गाडी भक्कम होती, पण विक्रेते आणि सर्व्हिस सेंटर कमी असल्याची तक्रार कायम राहिली. मग फियाटने टाटांशी हातमिळवणी केली, टाटांच्या शोरूममधून गाड्या विकल्या आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे एकत्र कारखाना चालवला. २००९ मध्ये लिनिया आणि पुंतो या दोन गाड्या आल्या. एकाच छपराखाली दोन कंपन्यांचा माल असला की विकणारा आधी आपल्या घरचा माल दाखवतो, हे कोणत्याही दुकानदाराला सांगायला नको. २०१२ मध्ये विक्रीची ही व्यवस्था मोडली. फियाटने स्वतःचे विक्रेते नेमले, पण वेळ निघून गेली होती. २०१९ पर्यंत फियाटच्या नावाच्या गाड्या भारतीय बाजारातून गेल्या.

इंजिन तेच, नाव वेगळे

आता या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट ऐका. फियाटच्या पुंतो आणि लिनियात जे १.३ लिटरचे डिझेल इंजिन होते, त्याच रचनेचे इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये बसवलेले होते. स्विफ्ट डिझेल तर घ्यायला रांगा लागत. ते इंजिन इतक्या गाड्यांत गेले की मोटार धंद्यातील लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. म्हणजे फियाटचे इंजिन देशभर विकले गेले, आणि फियाटची गाडी शोरूममध्ये उभी राहिली.

प्यूजोचेही तेच. ३०९ बुडाली, पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस मारुतीने झेन आणि एस्टीम या गाड्यांच्या डिझेल प्रकारांत प्यूजोचेच १.५ लिटरचे इंजिन घातले. त्याच्याही आधीपासून महिंद्रा कंपनी इगतपुरीला प्यूजोच्या रचनेची डिझेल इंजिने बनवत होती आणि ती जीपगाड्यांत बसवत होती. विदर्भात खेडोपाडी प्रवासी वाहणाऱ्या जीपगाड्यांपैकी कितीतरींच्या बोनेटखाली हेच फ्रेंच रचनेचे इंजिन धडधडत होते. आपल्या मिस्त्री मंडळींनी ते कितीदा उघडले आणि बसवले असेल. प्यूजो हे नाव माहीत नसतानाही ते इंजिन त्यांच्या हातचे झाले होते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. यंत्र तेच असताना एकाच्या दुकानात ते चालले आणि दुसऱ्याच्या दुकानात पडून राहिले. तेव्हा दोष एकट्या यंत्रावर टाकता येत नाही. ग्राहक गाडी घेताना नुसते इंजिन घेत नाही. बिघाड झाल्यावर जवळ कोण भेटेल, भाग किती दिवसांत येईल, आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर किंमत काय मिळेल, हे सगळे तो त्या किमतीत विकत घेत असतो.

चांदीच्या पेढीवरचा हिशेब

खामगावला हे समजायला अवघड नाही. आपले गाव चांदीच्या व्यापारासाठी दूरवर ओळखले जाते. चांदीचा दागिना घेणारे गिऱ्हाईक नक्षी पाहते खरे, पण पैसे मोजण्याआधी विचारते की टंच किती, आणि उद्या मोडीत आणला तर घट किती धराल. ज्या पेढीवर या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ मिळते तेथे गिऱ्हाईक पिढ्यान्पिढ्या येते. युरोपातल्या त्या कंपन्यांनी नक्षी सुंदर केली होती. मोडीचा भाव सांगायला मात्र दुकानात कोणी नव्हते.

म्हणून एजन्सी घेणाऱ्या, सुट्या भागांत पैसा घालणाऱ्या किंवा स्वस्तातली सेकंडहँड गाडी पाहणाऱ्या आमच्या वाचकांनी आधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कंपनीचा सुट्या भागांचा साठा कुठे आहे. तो अकोल्याला किंवा नागपूरला असेल तर ठीक. परदेशातून मागवावा लागत असेल तर गाडी गॅरेजमध्ये महिनाभर अडून राहील आणि शिव्या मिस्त्री खाईल. दुसरी, गाडीतले मुख्य भाग दुसऱ्या कोणत्या गाडीत वापरलेले आहेत. पुंतोचे इंजिन स्विफ्टच्या भावंडापैकी आहे हे ज्याला ठाऊक होते, त्या मिस्त्रीला कंपनी गेल्यावरही इंजिनकामात घाबरण्याचे कारण नव्हते. दरवाजा, काच, दिवा हे भाग मात्र त्या एकाच गाडीचे असतात, आणि कंपनी गेल्यावर अडचण तेथेच येते. तिसरी, करारात माल परत घेण्याची अट आहे की नाही. कंपनी विक्री बंद करील तेव्हा पडून राहिलेला माल कोणाच्या अंगावर, हे कागदावर आधीच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर गोदाम भरू नये.

सध्या विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी यांच्या नवनव्या कंपन्या गावोगावी विक्रेते शोधत आहेत. त्यांत चांगल्याही आहेत. पण बॅटरी आणि कंट्रोलर बिघडला तर तो कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न बीटलच्या काळात होता तितकाच आज खरा आहे. आपल्या तरुण मिस्त्रींनी या वाहनांचे काम आताच शिकून घ्यावे. जो आधी शिकेल त्याच्या दारी गाड्या उभ्या राहतील.

आपला माल दूरच्या बाजारात पाठवणाऱ्या कारागिरांनाही हेच लागू पडते. गावात खपणारी वस्तू परमुलखात नेण्याआधी तिथले हवामान, वापर आणि गिऱ्हाइकाची सवय पाहावी. टोयोटाने एकदा पडल्यावर ती पाहिली आणि उभी राहिली. आणि माल खराब निघाला तर बदलून देणारा आपला माणूस तेथे असावा. तो नेमायला खर्च येतो हे खरे. पण तो खर्च टाळणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना दोन देशांत जी किंमत मोजावी लागली, ती आपल्यासारख्या छोट्या भांडवलाच्या माणसाला परवडणारी नाही.