हरकत घ्यायची तर मुदतीत आणि लेखी

शहाडहून कल्याण ओलांडून शिळफाट्याच्या रस्त्याला लागलं की २७ गावांचा पट्टा सुरू होतो. १९८३ मध्ये ही गावं कल्याण-डोंबिवली पालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याचा सरकारी निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. शेतकऱ्याने दाद मागायची तरी कुठे?

यांतल्याच निळजे, घारिवली, कोळे, हेदुटणे अशा १० गावांच्या हजारावर हेक्टरवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं (एमएमआरडीए) ‘कल्याण ग्रोथ सेंटर’ आखलं गेलं. स्वतंत्र नगरपालिका मागणाऱ्या सर्वपक्षीय संघर्ष समितीने त्यालाही विरोध केला.

मोर्चाने दबाव येतो, पण कायदा कागद पाहतो. असं केंद्र नगररचना योजनेतून उभारायचं, तर नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ६७ नुसार प्रारूप नगररचना योजना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत बाधितांनी लेखी हरकत द्यायची असते. योजनेत जमिनी एकत्र करून रस्ते-उद्यानांपुरता भाग काढतात नि उरलेला भूखंड मालकाला परत देतात. म्हणून ‘आमचा विरोध आहे’ एवढंच पुरत नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा, विहीर, नाला, वहिवाटीची वाट लिहा, सातबारा जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.