ॲल्युमिनियमचा आरसा

जालन्याची ओळख सळईची. भंगार वितळवायचं, बिलेट पाडायच्या आणि लाटून सळया काढायच्या, हा इथल्या एमआयडीसीचा मोठा धंदा. सळई शेवटी सिमेंटमध्ये गाडली जाते, तिच्या रूपाला कोण विचारतो? पण खंडेनवमी जवळ आली, यंत्रं-हत्यारं पुजायची वेळ झाली, की जुनी बुलेट किंवा येझदी बाळगणारा माणूस दुसऱ्याच धातूच्या रूपामागे लागतो. झेंडूचा हार घालण्याआधी इंजिनाचं कव्हर असं चमकलं पाहिजे की त्यात हारही दिसावा.

हा धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, या भागाला परका नाही. जालन्याहून फार लांब नसलेल्या वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एन्ड्युरन्स ही कंपनी ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओतू लागली. पुढे गाड्यांची इंजिनं काळ्या रंगात येऊ लागली. रंग स्वस्त पडतो आणि ओतकामातल्या खोडीही झाकतो. पॉलिशला काहीच झाकता येत नाही, म्हणून मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

चमक ही वरून लावायची गोष्ट आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इथे फक्त काढायचं असतं. खोल ओरखडा घालवण्यासाठी त्याच्या आजूबाजूचा धातू घासून त्याच्या तळापर्यंत आणायचा आणि मोठ्या ओरखड्यांच्या जागी बारीक ओरखडे पाडत जायचं. ते प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनहून लहान झाले, की डोळ्यांना दिसेनासे होतात आणि आरसा तयार होतो. 2000 नंबरच्या वॉटर पेपरचा कणसुद्धा दहा मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणून नुसत्या कागदावर काम भागत नाही, पुढे बफ, म्हणजे कापडाचं फिरणारं चाक, लागतो.

खरी मेहनत मात्र बफच्या आधीची. कव्हर उतरवायचं, तेल धुवायचं, कंपनीचं लॅकर असेल तर पेंट रिमूव्हरने काढायचं. कॉस्टिक सोडा वापरायचा मोह आवरावा, तो लॅकरबरोबर ॲल्युमिनियमही खातो. मग पाण्यात साबण घालून 320, 400, 600, 800, 1000, 1500 असे कागद. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलायची. आधीच्या कागदाच्या रेघा आडव्या दिसत राहतात, आणि त्यातली शेवटची पुसली जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. कारागिरी इथेच कळते. घाई करणारा 400 वरून थेट बफवर उडी मारतो. दुकानाच्या सावलीत गिऱ्हाईक खूश होतं, बाहेर उन्हात सगळ्या रेघा वर येतात.

बफच्या मोटरचा वेग मिनिटाला 2800 फेऱ्यांच्या घरात असतो. सहा इंची चाकाची कडा त्या वेगाने ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पळते. आधी शिवलेला, कडक बफ आणि तपकिरी वडी, नंतर सैल सुती बफ आणि पांढरी वडी. वडी म्हणजे चरबीत किंवा मेणात कालवलेली घासणारी भुकटी. भाग चाकाच्या मध्याखाली धरायचा आणि त्याची वरची कडा चाकात अडकू द्यायची नाही. अडकली तर चाक भाग हातातून हिसकावतं आणि फेकतं. सैल बाही किंवा मफलर तिथे नको. तोंडाला नुसता गमछा बांधूनही भागत नाही, चांगला मास्क हवा. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते. एकाच बाकावर लोखंडाचा ग्राइंडर आणि बफ मांडणं म्हणजे ठिणगी शेजारी आणून ठेवणं.

कारागिराच्या हातात नसलेलीही एक गोष्ट आहे. डाय-कास्ट कव्हरमध्ये बरेचदा दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं. त्याचे कण कठीण, ते ॲल्युमिनियमसारखे झिजत नाहीत, म्हणून अशा कव्हरची चमक किंचित करडी राहते. ओतकामाच्या वरच्या पापुद्र्याखाली हवेची छिद्रंही लपलेली असतात. जास्त घासलं की ती उघडी पडतात, आणि मग जितकं घासाल तितकी वाढतात. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याचेच पैसे वसूल.

उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात बसतो. तो जेमतेम काही नॅनोमीटरचा, त्याने चमक जात नाही. जाते ती पावसाने, चिखलाने आणि हाताच्या घामाने. काहीजण वरून लॅकर मारून घेतात. तापणाऱ्या इंजिनावर ते पिवळं पडतं, सोलतं, आणि मग सगळं काम मुळापासून करावं लागतं. त्यापेक्षा धातू उघडा ठेवून वरचेवर हाताने मेण चोळणं बरं.

गाडी बफिंगला देताना कारागिराला एवढं बजावून सांगा: गॅस्केट बसते ती कड, बेअरिंगच्या जागा आणि ब्रेकचे भाग यांना बफ लावू नका, आणि सायलेन्सरला पॉलिश पेपर तर मुळीच नको. त्यावरचं क्रोम फार पातळ असतं. ते गेलं की खालचं लोखंड पहिल्याच पावसात गंजतं.