साठीतली मी, कोण गं तू?

परवा इंटरव्ह्यूत तो ठरलेला प्रश्न आलाच, ‘पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता?’ मीही पाठ केलेलं उत्तर ठोकलं. टीम लीड, मोठी जबाबदारी वगैरे. पण खरं सांगू? डोळ्यांसमोर आली ती एक मोठ्ठी बाल्कनी, कॉफीचा मग आणि तिथे उभी असलेली मी. अगदी आजचीच! तोच हेअरकट, तीच जीन्स. घर बदललं, पगार बदलला, मी मात्र २९ वर्षांचीच.

तुमचंही असंच होतं ना? क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास मांडला. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, हे लोक मान्य करतात. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसं बदलणार नाही, असं तरुणांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत सगळ्यांनाच वाटतं.

मग म्हातारपणीची मी? ती तर कुणी परकीच! मागची नोकरी सोडताना मी पीएफ काढला आणि गोव्याला उडवला. बिल त्या साठीतल्या बाईच्या नावावर!

हॅल हर्शफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात काही जणांना व्हर्च्युअल रिअॅलिटीत स्वतःचाच म्हातारा चेहरा दाखवला. मग विचारलं, अचानक १००० डॉलर मिळाले तर काय कराल? तो चेहरा पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी इतरांच्या जवळपास दुप्पट रक्कम बाजूला काढली.

मला तो चेहरा आमच्या जिन्यातच दिसला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून आई दुसऱ्या मजल्यावर दम खात उभी होती. कठड्यावरचा तिचा हात पाहिला आणि चमकलेच. तीच माझी वाकडी करंगळी!

‘आई, घर घेताना हे गुडघे डोक्यात नव्हते?’

‘अगं, तेव्हा दोन-दोन पायऱ्या चढायचे मी. लिफ्टवाली बिल्डिंग थोडी महाग होती. म्हटलं, जिने काय, चढू की!’

पिशव्या उचलल्या आणि गुपचूप तिच्यामागून वर गेले.

नवी नोकरी मिळाली. पीएफ काढायचा मोह पुन्हा झालाच, पण यावेळी ट्रान्सफरचा फॉर्म भरला. रक्कम किरकोळ आहे, पण साठीतल्या बाईशी निदान ओळख तरी झाली.

तुम्हीही स्वप्नं बघा, जरूर बघा. फक्त बाल्कनीबरोबर जिनाही बघा!