वांगी तीच, मग हात का आखडला?

समजा, तुम्ही सावनेरच्या बाजारात भाजी घ्यायला गेला आहात. दोन विक्रेते शेजारी शेजारी बसले आहेत. दोघांकडेही सारखीच ताजी वांगी आहेत आणि भावही एकच आहे. एवढ्यात कोणीतरी तुमच्या कानात कुजबुजते, "त्या डावीकडच्याला कुष्ठरोग झाला होता म्हणे!" आता तुमचा हात कोणत्या ढिगाकडे जाईल? वांग्यांत तर काहीच बदल झाला नाही. बदल झाला तो तुमच्या मनात.

ही नुसती कल्पना नव्हे. नागपूरच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा गाव आहे. तेथे तुळशीराम नावाचा एक कुष्ठरोगी भर पावसात रस्त्याकडेला पडलेला बाबा आमटे यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. एरवी कोणालाही न भिणारा हा माणूस! त्या रुग्णाने त्यांचे काय वाकडे केले होते? काहीच नाही. भीती होती ती लहानपणापासून ऐकलेल्या समजुतींची. बाबा परत फिरले, त्याची सेवा केली आणि मग कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिच्यातूनच वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले.

तेथील रुग्णांनी खडकाळ जमिनीतून भाजी पिकवली, पण गावात ती कोणी घेईना. पुढे १९५४ च्या सुमारास परदेशी तरुण स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले. रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी काम केले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली. भाजी पूर्वीचीच होती, समजूत तेवढी बदलली.

विज्ञान काय सांगते?

कुष्ठरोग पापामुळे होत नाही, आनुवंशिकही नाही. तो एका जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरांनी तो जिवाणू १८७३ साली शोधून काढला. बहुतेक लोकांच्या शरीरात या रोगाला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासातूनच तो पसरू शकतो. हस्तांदोलनाने किंवा एकत्र जेवल्याने नव्हे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. या उपचाराने रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो.

मग बोटे झडतात ती कशाने? या रोगात मज्जातंतू बधिर होतात. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. वेळीच औषध घेतले तर हे बहुधा टळते.

पण येथेच समजूत आडवी येते. लोक दूर लोटतील या भीतीने रुग्ण अंगावरचा बधिर चट्टा लपवतो. उपचाराला उशीर होतो, विकृती येते. ती पाहून लोक म्हणतात, "बघा, किती भयंकर रोग आहे!" म्हणजे समजुतीने स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला! हे चक्र कायद्यातही शिरले होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद आपल्या देशात २०१९ साली रद्द झाली.

वर्गात करून पाहा

आपल्या मनातल्या समजुती तपासता येतात. शिक्षकांनी एकाच निबंधाच्या प्रती काढाव्यात. निम्म्या प्रतींवर 'वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचा निबंध' व उरलेल्यांवर 'नापास झालेल्या मुलाचा निबंध' असे लिहावे. खऱ्या विद्यार्थ्याचे नाव मात्र घालू नये. चिठ्ठ्या टाकून प्रती वाटाव्यात आणि प्रत्येकाने दहापैकी गुण द्यावेत. नंतर दोन्ही गटांची सरासरी काढा व सर्वांना खरे काय ते सांगा.

फरक आढळला तर तो निबंधातला नाही, हे उघड आहे. आढळला नाही तर तसेही प्रामाणिकपणे नोंदवा. आणि दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक का लिहायचा असतो, याचाही विचार करा.