कोलाडसारख्या गावात पुरुषांचे वाचनमंडळ : धार्मिक कादंबऱ्या कशासाठी वाचायच्या?

रविवारची मिस्सा संपली की पुरुषमंडळी आवारात थोडा वेळ रेंगाळतात. महामार्गावरचे खड्डे, कारखान्यातील पाळ्या, भाताचा भाव, मुलांचे कॉलेजप्रवेश अशा साऱ्या विषयांवर गप्पा रंगतात. मात्र स्वतःच्या श्रद्धेविषयी, मनात सलणाऱ्या एखाद्या चुकीविषयी किंवा देवावर धरलेल्या रागाविषयी सहसा कोणी चकार शब्द काढत नाही. स्त्रिया रोझरीच्या निमित्ताने एकमेकींच्या घरी जमतात आणि प्रार्थनेनंतर त्यांची मने मोकळी होतात. पुरुषांना असे निमित्त क्वचितच मिळते. एखाद्याला दारूची सवय लागते, एखादा भावाशी बोलेनासा होतो, एखादा हळूहळू चर्चला येणेच सोडतो. त्याच्या मनात काय चालले होते हे शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही कळत नाही.

हे निमित्त पुस्तक देऊ शकते. आठ-दहा पुरुषांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, श्रद्धेचा प्रश्न ज्यात केंद्रस्थानी आहे अशी एखादी नामवंत कादंबरी थोडी थोडी वाचावी आणि तिच्यावर बोलावे, एवढीच ही कल्पना. मोठ्या शहरांत अशी मंडळे चालतात. रोहा तालुक्यातील कोलाडसारख्या, ख्रिस्ती घरे विखुरलेली असलेल्या ठिकाणी तर त्यांची गरज अधिक आहे, असे मला वाटते. त्यामागील कारणे आणि मंडळ चालवण्याची रीत या लेखात पाहू.

नाथान संदेष्ट्याची रीत

कादंबरी म्हणजे कल्पित गोष्ट. ती वाचून श्रद्धेला काय लाभ, असा प्रश्न काही श्रद्धावंत विचारतात. त्याचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. दावीद राजाने उरीयाची पत्नी बळकावली आणि उरीयाला युद्धात मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो आरोपपत्र घेऊन नव्हे. त्याने एका गरीब माणसाच्या लाडक्या मेंढीची आणि ती हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून दावीद संतापला, त्याने त्या श्रीमंताला दोषी ठरवले आणि मगच त्याच्या ध्यानात आले की हा निवाडा आपण आपल्यावरच केला आहे. सरळ आरोप केला असता तर राजाने कदाचित ढाल पुढे केली असती. गोष्टीपुढे ती ढाल उपयोगी पडली नाही.

प्रभू येशूनेही हाच मार्ग पत्करला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अखेरीस घरात गेला की अंगणातच उभा राहिला, हे त्याने सांगितलेच नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवला आहे.

कोलाडकरांना एक परिचित उदाहरण देतो. कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 साली कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी सुरू झाली. मालाने भरलेला ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवला जातो आणि चालकाला घाटवळणे स्वतः न चालवता पुढचा मुक्काम गाठता येतो. चांगली कादंबरी काहीशी अशीच असते. आपले ओझे उतरत नाही, ते आपल्यासोबतच असते. पण काही काळ चाक आपल्या हाती नसते आणि एरवी न दिसणारा रस्ता निवांतपणे दिसू लागतो.

पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मध्ये साहित्याच्या महत्त्वाविषयी एक खास पत्र लिहिले. आरंभी त्यांच्या मनात सेमिनरीतील शिक्षणाचा विचार होता. परंतु कथा-कादंबरी आणि कवितेचे वाचन सर्वच ख्रिस्ती व्यक्तींच्या जडणघडणीला उपयुक्त आहे, असे त्यांनी त्यात आवर्जून मांडले. तरुणपणी सांता फे येथील जेझुइट शाळेत त्यांनी स्वतः साहित्य शिकवले होते. दुसऱ्याचे अंतःकरण आतून ऐकण्याची सवय साहित्याने लागते, हा त्या पत्राचा गाभा आहे.

आपली जुनी परंपरा

एकत्र बसून वाचणे हे काही पाश्चात्त्यांकडून आलेले नवे फॅड नाही. पोथी वाचायची, जाणत्याने निरूपण करायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही महाराष्ट्राच्या मातीतली रीत आहे. 1579 साली गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी आणि सणांच्या दिवशी लोक एकत्र जमून वाचत व ऐकत असत.

मराठी कादंबरीच्या जन्माशीही ख्रिस्ती लेखणीचा निकटचा संबंध आहे. जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी रूपांतर ‘यात्रिक क्रमण’ 1841 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर 1857 साली बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे. 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट होते, परंतु त्यांनी मांडलेला प्रश्न सर्वांचाच होता. यमुना आपल्या पतीसह प्रवास करते, वाटेत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि पुढे तिच्यावरही वैधव्याचा घाला पडतो. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता. पण कायदा झाला म्हणून घरातल्या पुरुषांची मने लगेच पालटत नाहीत, हे लेखकाला ठाऊक होते.

पुरुषांच्या मंडळाने आरंभ याच पुस्तकाने करावा, असे मी सुचवीन. भाषा जुनी आहे, लेखकाचा उपदेशाचा सूर मधूनच ठळक होतो, आणि हिंदू समाजावरील त्याची टीका वाचताना आपणही विवेक राखला पाहिजे. परंतु ‘आपल्या स्वतःच्या घरातील विधवा वहिनीला, आईला, बहिणीला आपण कसे वागवतो?’ हा प्रश्न टाळून ही कादंबरी वाचता येत नाही. पुरुषांनी एकत्र बसून स्त्रीचे दुःख ऐकावे, यासाठीच जणू ती लिहिली गेली.

‘सायलेन्स’ : जो पडला त्याचे काय?

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्याकडील कॅथलिक घरांत आदराने घेतले जाते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. 8 जून 1862 रोजी त्यांना संतपद बहाल झाले. त्यांच्या धैर्याची कथा आपण मुलांना सांगतो, आणि ती सांगायलाच हवी.

पण त्याच जपानमध्ये, पुढील काही दशकांत, छळापुढे वाकलेलेही अनेक होते. जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकू एंदो यांनी 1966 साली ‘सायलेन्स’ ही कादंबरी लिहिली ती त्यांच्याविषयी. रॉड्रिग्ज नावाचा तरुण पोर्तुगीज धर्मगुरू आपल्या गुरूच्या शोधात जपानला जातो, कारण त्या गुरूने श्रद्धा सोडल्याची वार्ता आलेली असते. ख्रिस्ती संशयितांपुढे ख्रिस्ताची कोरीव प्रतिमा ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावण्याची तेथील अधिकाऱ्यांची पद्धत होती. रॉड्रिग्जला सांगण्यात येते, की तू पाय दिलास तर खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांची सुटका होईल. त्याच्या स्वतःच्या प्राणांचा प्रश्न असता तर त्याचे उत्तर तयार होते. दुसऱ्यांचे प्राण पणाला लागल्यावर ते उत्तर अपुरे पडते.

या कथेत किचिजिरो नावाचा एक माणूस आहे. तो भित्रा आहे, दारुडा आहे, पुन्हा पुन्हा विश्वासघात करतो आणि पुन्हा पुन्हा पापक्षमा मागत धर्मगुरूच्या मागे येतो. वाचकाला त्याची किळस येते. मग हळूहळू वाचकाला त्याच्यात ओळखीचा चेहरा दिसू लागतो. चर्चच्या दारापर्यंत येऊन आत न येणाऱ्या पुरुषाच्या मनात बहुधा हाच विचार असतो: ‘हुतात्म्यांच्या या घरात माझ्यासारख्याला जागा कोठली?’ मंडळात हा प्रश्न किचिजिरोविषयी विचारता येतो. तो स्वतःविषयी आहे, हे कोणालाही कबूल करावे लागत नाही.

रॉड्रिग्जने केले ते योग्य की अयोग्य, यावर जगभरातील कॅथलिकांत मतभेद झाले आणि जपानमधील अनेक श्रद्धावंतांना कादंबरी रुचली नाही. मतभेद जरूर व्हावेत. ख्रिस्तसभा श्रद्धात्यागाला योग्य म्हणत नाही, आणि कादंबरीकारही त्याला सोपे म्हणत नाही. पडलेल्या माणसाकडे प्रभू कोणत्या नजरेने पाहतो, हा खरा विषय आहे. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण येथे सहज होते.

आणखी दोन कादंबऱ्या

ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कॅथलिक लेखकाची ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ 1940 साली प्रकाशित झाली. 1938 मध्ये त्याने मेक्सिकोत प्रवास केला होता. तेथे, विशेषतः ताबास्को प्रांतात, ख्रिस्तसभेचा तीव्र छळ झाला होता. कादंबरीच्या नायक-धर्मगुरूला नावच नाही. तो मद्यपी आहे, त्याला एक मुलगी आहे, तो स्वतःला नालायक समजतो. सरहद्द ओलांडून सुरक्षित झाल्यावर एका मरणोन्मुख गुन्हेगाराला अंत्यसंस्कार देण्यासाठी त्याला परत बोलावले जाते. हा सापळा आहे हे ओळखूनही तो परत फिरतो. 1953 च्या सुमारास रोममधील धर्मशिक्षण विभागाने या पुस्तकाविषयी नापसंती कळवली होती. पुढे 1965 मध्ये सहावे पोप पॉल यांनी ग्रीनला भेटीत धीर दिला, की काही कॅथलिकांना त्याच्या लेखनातील काही भाग खटकणारच, त्याने त्याची चिंता करू नये. धर्मगुरू या नात्याने मी सांगतो, की ही कादंबरी आम्हा धर्मगुरूंना नम्र करते. प्रापंचिकांनाही ती आठवण देते, की संस्काराची कृपा देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसते.

दस्तयेव्हस्कीची ‘कारामाझोव्ह बंधू’ 1879-80 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. बाप आणि मुलगे यांच्यातील वैर, मालमत्तेचा तंटा, वडिलांचा खून. आपल्या कोर्टकचेऱ्यांत शोभावी अशी ही कथा आहे. तिच्या मध्यभागी इव्हान हा बुद्धिमान भाऊ धाकट्या अल्योशाला विचारतो, की निष्पाप मुलांच्या यातनांचा हिशेब कोण देणार? या प्रश्नामागे लेखकाचे स्वतःचे दुःख होते. 1878 च्या मे महिन्यात त्याचा तीन वर्षांचा मुलगा वारला. त्याचे नावही अल्योशाच. पुढच्याच महिन्यात तो ऑप्तिना येथील मठात सांत्वन शोधायला गेला. इव्हानच्या युक्तिवादाला कादंबरीत युक्तिवादाने उत्तर मिळत नाही. अल्योशा भावावरील प्रेमाने आणि पुढे शाळकरी मुलांमध्ये केलेल्या सोबतीने उत्तर देतो. ज्या बापाने मूल गमावले आहे त्याला ‘देवाची इच्छा’ एवढेच सांगून घरी पाठवण्यापेक्षा ही पाने त्याच्यासोबत वाचणे अधिक ख्रिस्ती आहे. पुस्तक फार मोठे असल्याने निवडक प्रकरणेच घ्यावीत.

मंडळ कसे चालवावे?

रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. कोलाडजवळून वाहणारी कुंडलिका ज्या रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते, तेथील कोर्लई गावात पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती आहे. पण नदीच्या वरच्या अंगाला, नोकरीधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांना चर्च आणि शेजार दोन्ही दूर पडतात. म्हणून मंडळासाठी इमारतीची वाट पाहू नये. एखाद्याची ओटी पुरते.

महिन्यातील एक ठरलेली संध्याकाळ निवडावी. धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची सोय आधी पाहावी आणि भातलावणीच्या दिवसांत सुट्टी ठेवावी. एका बैठकीला तीस-चाळीस पानांहून अधिक घेऊ नये. ज्यांना इंग्रजी किंवा जुनी मराठी वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी एकाने प्रकरणाचा कथाभाग सोप्या मराठीत सांगावा. निरूपणाची आपली रीत येथे कामी येते. शाळा लवकर सुटलेला माणूसही पात्रांविषयी उत्तम बोलतो, कारण त्याने माणसे पाहिलेली असतात.

चर्चेसाठी तीन प्रश्न पुरेत. हा माणूस असे का वागला? त्याच्या जागी मी काय केले असते? या प्रसंगात देव कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला कोणी ‘ठाऊक नाही’ म्हटले तर त्याला दुरुस्त करण्याची घाई करू नये.

तीन पथ्ये मात्र कडक पाळावीत. मंडळात बोललेले मंडळाबाहेर जाऊ नये; लहान गावात हे फार महत्त्वाचे आहे. बैठकीत मद्य नसावे. आणि धर्मगुरू उपस्थित असल्यास त्याने शेवटी बोलावे, तेही थोडे. हा प्रवचनाचा दुसरा प्रयोग नव्हे, तसेच तो प्रायश्चित्त संस्काराला पर्यायही नव्हे. कोणाच्या मनातील गाठ सुटू लागली, तर त्याला संस्काराकडे जाण्याची वाट आपोआप सापडेल. एखाद्याचे दुःख मंडळाच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे सोबत नेण्याचे कर्तव्य मित्रांचेच आहे.

कादंबरीने श्रद्धा ढळेल, ही जुनी भीतीही बाळगण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी 1966 सालीच रद्दबातल झाली. ‘सायलेन्स’ प्रकाशित झाली तेही हेच वर्ष. जी श्रद्धा प्रश्न ऐकूच शकत नाही, ती मुलाच्या आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर किती तग धरील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

प्रिय बंधूंनो, पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आवारात रेंगाळाल तेव्हा सभोवार पाहा. जो सर्वांत कडेला, गेटजवळ उभा असतो, त्याला हाक मारा. श्रद्धेविषयी विचारू नका. फक्त एवढेच विचारा, की एक गोष्ट वाचायला घेतली आहे, येतोस का?