व्हॅलेन्सियाचा गुरुवार

मार्च लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यात पळस फुलतो, मोह टपकू लागतो आणि दुपारचं ऊन बोचायला लागतं. याच दिवसांत, रमजानच्या आधी परत यायचं ठरवून, आम्ही नवरा-बायको अब्बांना घेऊन स्पेनला जाऊन आलो. साकोली तालुक्यात अब्बांनी आयुष्यभर धान पिकवलं. मरण्याआधी कुर्तुब्याची मशीद पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

कुर्तुबा म्हणजे आजचं कॉर्डोबा. मशिदीच्या अंगणात संत्र्याच्या झाडांच्या रांगा आहेत. आत साडेआठशेहून जास्त खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी. अब्दुर्रहमान पहिला याने आठव्या शतकात हे काम सुरू केलं. १२३६ पासून इथे चर्च आहे आणि मुसलमानांना नमाज पढता येत नाही. १९३३ मध्ये अल्लामा इक्बाल इथे येऊन गेले, त्यातूनच त्यांची ‘मस्जिदे कुर्तुबा’ ही नज्म झाली. अब्बा एका खांबाजवळ बराच वेळ उभे राहिले, मनातच दुआ केली. बाहेर आल्यावर म्हणाले, “बांधणारे गेले, बांधलेलं राहिलं.” नंतर दिवसभर ते गप्पच होते.

ग्रॅनाडात सकाळी स्वेटरशिवाय भागत नव्हतं. समोर सिएरा नेवाडाचे डोंगर बर्फाने पांढरे. अल्हम्ब्राची तिकिटं आधीच काढावी लागतात. नस्री महालात शिरण्याची वेळही तिकिटावर ठरलेली असते आणि पासपोर्ट जवळ लागतो. महालातल्या नक्षीपेक्षा अब्बांचं लक्ष पाण्याकडे होतं. दारो नदीचं पाणी डोंगराच्या कडेने पाटातून वर आणलेलं आहे. तेराव्या शतकातल्या त्या पाटाला स्पॅनिशमध्ये ‘असेकिया’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अस्-साकिया’वरून आला. समोरच्या टेकडीवर, अल्बाइसिन मोहल्ल्यात, २००३ मध्ये नवी मशीद उघडली. तिथे आम्ही असरची नमाज पढलो. कुर्तुब्यात अडलेलं मन तिथे मोकळं झालं, अलहम्दुलिल्लाह.

शेवटचं शहर व्हॅलेन्सिया. १५ ते १९ मार्चला तिथे ‘फायास’चा मोठा उत्सव असतो, गर्दी उसळते, म्हणून आम्ही त्याआधीच गेलो. हा प्रदेश तांदळाचा. भाताची शेती इथे मुसलमानांनी रुजवली. तांदळाला इथे ‘अरोस’ म्हणतात, तोही अरबी ‘अर्-रुज्ज’च. इथला प्रसिद्ध भात म्हणजे पाएया. मांसाची खात्री नसेल तर आधी विचारून भाजीचा किंवा मासळीचा मागवावा.

गुरुवारी दुपारी बाराला आम्ही कॅथेड्रलच्या दारासमोर उभे होतो. पूर्वी या जागी मशीद होती. तिथे काळे सदरे घातलेले आठ शेतकरी गोल बसतात. आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले हे पंच. पाण्याची तक्रार असेल तर दोन्ही बाजू तोंडी ऐकायच्या, निकाल तिथेच द्यायचा. वकील नाही, कागद नाही. ही रीत अरबांच्या काळापासून चालत आली असं मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतलं. त्या दिवशी तक्रारच नव्हती. पाटांची नावं पुकारली आणि पाच मिनिटांत बैठक उठली.

अब्बांनी दोनदा विचारलं, “दर गुरुवारी बसतात? तक्रार नसली तरी?”

त्यांच्या विचारण्याला कारण होतं. आमच्या गावात मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला आणि पाळीने पाणी सोडणारा पाणकरही गेला. धान निसवताना लागणाऱ्या शेवटच्या पाण्यावरून दोन वर्षांपूर्वी अब्बांचं शेजारच्या बांधीवाल्याशी भांडण झालं. तेव्हापासून बोलणं बंद, लग्नाकार्यातही नाही.

परत आल्यावर पहिल्याच जुम्याला, नमाज झाल्यावर, अब्बा त्याच्या दारी गेले. सोबत व्हॅलेन्सियाची संत्री होती. संत्री त्याने ठेवून घेतली, चहाही दिला. पाण्याची पाळी अजून ठरलेली नाही. पावसाळ्याआधी सगळ्या बांधीवाल्यांना तलावाच्या पाळीवर एकदा बसवायचं, एवढं मात्र दोघांनी ठरवलं आहे. वार कोणता, यावर अजून एकमत नाही. अब्बा गुरुवारच म्हणतात.