पानाचे अन्न, पानाचे विष

निपाणी-कोगनोळीच्या या तंबाखूच्या मुलखात पानाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. पान पिवळे पडू लागले की शेतकरी आधी मातीकडे पाहतो. मी आज बोलणार आहे ती माती घाटाखालची, गोव्यातील मांडवी-जुवारीच्या खाड्यांची. मी भाषेचा अध्यापक. तेव्हा शास्त्राची परिभाषा बेतानेच वापरीन.

गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन ते तीन टन टाकाऊ माती निघते. खाणींभोवती तिचे डोंगर साचतात आणि पावसाळ्यात त्यांतील लोह-मँगनीजयुक्त गाळ खाडीत उतरतो. तेथे तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटी उभी असते. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांची छिद्रे गाळाने बुजली की मुळे गुदमरतात.

लोहाची कथा याहून विलक्षण. हरितद्रव्यात लोह नसते, मॅग्नेशियम असते. परंतु लोहावाचून हरितद्रव्य घडत नाही. पानात पाण्याचे विघटन करून प्राणवायू मोकळा करणाऱ्या यंत्रणेत मँगनीज असते. म्हणजे ज्याला आपण विष म्हणतो तेच मुळात अन्न! प्रमाण सुटले की मात्र जादा लोहामुळे पेशींत प्राणवायूची घातक रूपे उपजतात आणि तीच यंत्रणा मोडते. जादा मँगनीज झाडाला लोह घेऊ देत नाही. भर उन्हात पान उपाशी राहते. खारफुटी मुळांवर लोहाचा तांबूस लेप धरून बरेच धातू बाहेरच अडवते. त्यामुळे ती पुष्कळ काळ हिरवी दिसते, आणि पाहणारा निर्धास्त राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे खाणकाम थांबविले, २०१४ साली अटींवर मोकळे केले, २०१८ साली पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या साऱ्या वर्षांत मातीचे ढिगारे जागच्या जागी होते आणि दर पावसाळ्यात वाहत होते.